स्वस्त डेटाचा महाग हिशोब

३ जुलै २०२४ रोजी जिओ आणि एअरटेल या देशातील दोन सर्वात मोठ्या मोबाईल कंपन्यांनी एकाच दिवशी आपले दर वाढविले. दुसऱ्याच दिवशी व्होडाफोन आयडियाने त्यांची री ओढली. त्याच महिन्यापासून महाराष्ट्रात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना लागू झाली आणि पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये देण्याची घोषणा झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे कोणी म्हटले नाही. परंतु ज्या घरात आईचा एक आणि मुलाचा एक असे दोन फोन आहेत, त्या घराने नव्या दराने २९९ रुपयांचे दोन रिचार्ज मारले की ५९८ रुपये गेले. म्हणजे बहिणीच्या हातावर ठेवलेल्या १,५०० रुपयांतील जवळपास चाळीस टक्के रक्कम २८ दिवसांच्या आत मोबाईल कंपन्यांच्या तिजोरीत जमा झाली. सरकारने एका हाताने दिले आणि बाजाराने दुसऱ्या हाताने काढून घेतले. याची चर्चा ना विधिमंडळात झाली, ना मोठ्या वर्तमानपत्रांत.

कोणी म्हणेल, मोबाईल ही चैन आहे, परवडत नसेल तर वापरू नका. हा सल्ला देणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत या देशात काय घडले ते डोळे उघडून पाहावे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी यावा लागतो. रेशनकार्डाची ई-केवायसी, बँकेतील व्यवहार, भविष्य निर्वाह निधीचे पैसे, गॅसचे बुकिंग, दवाखान्याची नोंदणी, या सगळ्यांच्या दारावर ओटीपी नावाचा पहारेकरी उभा आहे. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितले, तेव्हाही तेच झाले. ज्या बहिणीचा नंबर रिचार्जअभावी बंद पडला होता, तिची पात्रता तिच्या गरिबीने नव्हे तर तिच्या सिमकार्डाने ठरणार होती. सरकारने नागरिकांचे हक्क मोबाईल नंबरला बांधले आणि तो नंबर जिवंत ठेवण्याचा दर मात्र खाजगी कंपन्यांच्या मर्जीवर सोडून दिला. म्हणूनच रिचार्जचा प्रश्न हा घरखर्चाचा तर आहेच, पण त्याहून अधिक तो हक्काचा प्रश्न आहे.

आणि म्हणूनच कोणता प्लॅन घ्यावा, कोणता ॲड-ऑन पॅक फायद्याचा, हा हिशोब आपल्या प्रत्येक घराने स्वतः मांडला पाहिजे. कंपनीची जाहिरात हा हिशोब आपल्यासाठी कधीच मांडणार नाही.

दिवसाचा दर काढा

जुन्या वाचकांना आठवत असेल, २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले आणि २००५ च्या अखेरीस ‘लाईफटाईम’ योजना आल्या. ९९९ रुपये भरा आणि आयुष्यभर फोन घ्या, अशी जाहिरात होती. खिशात बॅलन्स नसला तरी गावाहून आलेला फोन लागत असे. मिस्ड कॉल मारून काम भागत असे. ते आयुष्य २०१८ मध्ये संपले. त्या वर्षाच्या अखेरीस कंपन्यांनी ठरवले की इनकमिंग चालू ठेवायचे असेल तरी दर २८ दिवसांनी किमान रिचार्ज मारावा लागेल. एअरटेलचा हा किमान रिचार्ज तेव्हा ३५ रुपयांचा होता. जुलै २०२१ मध्ये तो ७९ झाला, नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९ झाला आणि जुलै २०२४ मध्ये १९९ वर गेला. दरम्यान बोलणे अमर्याद झाले हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या म्हाताऱ्या आईला फक्त मुलाचा फोन यावा एवढेच हवे आहे, तिच्या दृष्टीने सहा वर्षांच्या आत तीच गोष्ट पाचपटीहून महाग झाली.

आता २८ दिवसांची गंमत पाहा. वर्षात महिने बारा, पण रिचार्ज तेरा. पगार महिन्याला, भाडे महिन्याला, मेसचे पैसे महिन्याला, फक्त मोबाईलचा महिना २८ दिवसांचा. तेरावा रिचार्ज हा कोणत्याही जाहिरातीत न दिसणारा खर्च आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवणे बंधनकारक केले. कंपन्यांनी तसे प्लॅन ठेवले, परंतु ते समोर मांडले नाहीत. दुकानाच्या बोर्डवर आणि ॲपच्या पहिल्या पानावर आजही २८, ५६, ८४ हेच आकडे झळकतात.

त्यामुळे प्लॅनची तुलना करताना पहिला नियम हा की, रक्कम पाहू नका, रकमेला दिवसांनी भागा. उदाहरणासाठी सर्वात जास्त ग्राहक असलेल्या जिओचे जुलै २०२४ चे दरपत्रक घेऊ. बाकीच्या कंपन्यांचे आकडे थोडे मागेपुढे आहेत, पण रचना तीच आहे. रोज दीड जीबी देणारा २९९ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन दिवसाला १० रुपये ६८ पैशांना पडतो. तेवढाच डेटा देणारा ७९९ रुपयांचा ८४ दिवसांचा प्लॅन ९ रुपये ५१ पैशांना पडतो. रोज अडीच जीबी देणारा वर्षभराचा ३,५९९ रुपयांचा प्लॅन दिवसाला ९ रुपये ८६ पैशांना पडतो.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की सगळे उघड होते. ज्याच्याकडे एकरकमी ३,५९९ रुपये आहेत, त्याला दिवसाला कमी पैशांत जास्त डेटा मिळतो. त्याचा एक जीबी ३ रुपये ९४ पैशांना पडतो. जो महिन्याच्या महिन्याला २९९ भरतो, त्याचा एक जीबी ७ रुपये १२ पैशांना. आणि ज्याच्या हातात आज फक्त वीस रुपये आहेत आणि जो १९ रुपयांचा एक जीबीचा पॅक मारतो, त्याचा जीबी १९ रुपयांना, म्हणजे श्रीमंताच्या जवळपास पाचपट. आपल्या वस्त्यांना हे नवीन नाही. डबा भरून तेल घेणाऱ्याला स्वस्त आणि रोज पाच-दहा रुपयांचे सुटे तेल नेणाऱ्याला महाग, हा किराणा दुकानाचा जुना नियम आहे. फक्त किराणा दुकानदार निदान उधारी तरी देतो.

मध्यरात्री परत जाणारा तांदूळ

कंपन्यांचे नेहमीचे उत्तर असे असते की भारतातील डेटा जगातील सर्वात स्वस्त डेटांपैकी आहे. जीबीला भागून पाहिले तर हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आली त्यापूर्वी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत होते, हेही लोक विसरलेले नाहीत. परंतु प्रश्न जीबीच्या दराचा नाही. प्रश्न असा आहे की किमान किती जीबी उचलायला लावले जातात आणि त्यातले वापरले किती जातात.

समजा, दुकानदार म्हणाला की तांदूळ किलोला सात रुपये आहे, पण पोतेच उचलावे लागेल. वर असेही म्हणाला की रोज दीड किलो काढून देईन आणि रात्री बारापर्यंत न शिजलेला तांदूळ परत घेऊन जाईन. अशा तांदळाला आपण स्वस्त म्हणू काय? रोज दीड जीबीचा प्लॅन हुबेहूब असाच आहे. २८ दिवसांचे ४२ जीबी होतात, परंतु आज न वापरलेला अर्धा जीबी उद्याला मिळत नाही. मात्र आज दीड जीबीच्या वर गेलात की वेग ६४ केबीपीएसवर आणला जातो, ज्यात व्हॉट्सॲपचा फोटोही धड उघडत नाही. कमी वापरले तर कंपनीचा फायदा, जास्त वापरले तरी कंपनीचा फायदा.

ट्रायच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशात डेटा वापरणारा ग्राहक महिन्याला सरासरी २० जीबीच्या थोडे वर वापरतो. हा सरासरी आकडा आहे. त्यात दिवसभर सिनेमे पाहणारेही आले आणि फक्त व्हॉट्सॲप वापरणारेही आले. तरीही २० जीबी वापरणाऱ्याने २९९ चा प्लॅन घेतला तर त्याचा वापरलेला जीबी जवळपास १५ रुपयांना पडला. आणि जी मावशी धुणीभांडी करून रात्री तासभर फोन पाहते आणि महिन्याला १० जीबी वापरते, तिचा जीबी ३० रुपयांना पडला. ज्या १९ रुपयांच्या पॅकला आपण आत्ताच महाग म्हटले, त्याहूनही हा दर महाग आहे. म्हणून दुसरा नियम हा की, रकमेला मिळालेल्या जीबीने भागू नका, वापरलेल्या जीबीने भागा. आपण महिन्याला किती वापरतो, हे फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराच्या खाली आणि कंपनीच्या ॲपमध्ये दिसते. रिचार्ज मारण्यापूर्वी ते एकदा पाहावे. निम्म्या घरांना आपण मोठा प्लॅन उगाच मारतो आहोत हे तिथेच कळेल.

ॲड-ऑन पॅकची मेख

ॲड-ऑन पॅक म्हणजे मूळ प्लॅनचा डेटा संपला की वरून मारायचा छोटा पॅक. परीक्षेच्या काळात, नोकरीच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, ऑनलाईन मुलाखतीच्या वेळी तो कामाला येतो. हौसेने तो कोणी घेत नाही, अडल्यावर घेतो. आणि अडलेल्याकडूनच जास्त वसूल करण्याची कला बाजाराला पूर्वीपासून अवगत आहे.

वसतिगृहातील एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. तो २९९ चा, रोज दीड जीबीचा प्लॅन वापरतो. स्पर्धा परीक्षेची व्याख्याने मोबाईलवर पाहतो, म्हणून महिन्यातून दहा दिवस त्याचे नेट संध्याकाळीच संपते. प्रत्येक वेळी तो १९ रुपयांचा पॅक मारतो. १९ रुपये त्याला चहा-नाश्त्याइतके वाटतात. महिनाअखेर हिशोब केला तर २९९ अधिक १९०, म्हणजे ४८९ रुपये. रोज दोन जीबी देणारा प्लॅन मात्र ३४९ रुपयांचा होता. म्हणजे ५० रुपये जादा देऊन महिन्याला १४ जीबी वाढत होते, आणि त्याने १९० रुपये देऊन दहा जीबी घेतले. इथून तिसरा नियम निघतो. एका महिन्यात तिसरा छोटा पॅक मारण्याची वेळ आली, तर तीन पॅकचे ५७ रुपये होतात आणि वरचा प्लॅन ५० रुपयांनीच महाग आहे. म्हणजे तिसरा पॅक ही प्लॅन चुकल्याची खूण आहे. दर बदलले तरी हा हिशोब करण्याची रीत बदलत नाही. दोन प्लॅनमधील फरक काढा, त्याला छोट्या पॅकच्या किमतीने भागा, आणि तेवढ्या वेळा पॅक लागत असेल तर वरचा प्लॅन घ्या.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. कमी वापर असणाऱ्यासाठी छोटा मूळ प्लॅन आणि त्यावर गरजेपुरता पॅक, हा सर्वात काटकसरीचा मार्ग होता. जुलै २०२४ च्या दरांत १८९ रुपयांत २८ दिवस आणि दोन जीबी मिळत. त्यावर ६९ रुपयांचा सहा जीबीचा पॅक मारला की २५८ रुपयांत आठ जीबी होत. हा पॅक मूळ प्लॅन संपेपर्यंत चालत असे, रोज मध्यरात्री परत जात नसे. जपून वापरणाऱ्यांना हे गणित जमले होते. पुढे काय झाले? २०२४ च्या शेवटी १९ रुपयांच्या पॅकची मुदत एका दिवसावर आणि २९ रुपयांच्या पॅकची दोन दिवसांवर आणली गेली. २०२५ च्या सुरुवातीला ६९ रुपयांच्या पॅकची मुदत सात दिवसांवर आली. किंमत तीच, जीबी तेवढेच, फक्त दिवस कापले गेले. वर्तमानपत्रात ‘दरवाढ’ असा मथळा आला नाही, कारण एक रुपयाही वाढला नव्हता. परंतु सहा जीबी महिनाभर पुरवून वापरणाऱ्या बाईला आता तेवढ्याच कालावधीसाठी चार पॅक लागणार. जपून वापरणे हाच जणू गुन्हा ठरला आणि त्याचा दंड बसला.

ऑगस्ट २०२५ मध्ये हीच चाल वेगळ्या रीतीने खेळली गेली. रोज एक जीबी देणारा २४९ रुपयांचा प्लॅन जिओने आपल्या ॲपवरून आणि संकेतस्थळावरून काढला. एअरटेलनेही आपला २४९ चा प्लॅन त्याच सुमारास बंद केला. पायरी काढून टाकली की माणूस आपोआप वरच्या पायरीवर पाय ठेवतो. ऑनलाईन रिचार्ज मारणाऱ्यासाठी ही न जाहीर झालेली ५० रुपयांची वाढ होती.

डेटा काढला, दर उतरला नाही

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने एक चांगला निर्णय घेतला. ज्यांना इंटरनेट नकोच आहे, त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएस एवढेच देणारे पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलेच पाहिजेत, असा नियम केला. देशात सुमारे १५ कोटी लोक अजून साधा फोन वापरतात, त्यांच्यावर डेटाचे ओझे का लादायचे, असा त्यामागील विचार होता. नाक्यावर उभा राहणारा मजूर, शेतावर जाणारी आजी, बटणाचा फोन वापरणारे आजोबा यांना दिलासा मिळेल असे सर्वांना वाटले.

जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे पॅक आणले. पहिले दर पाहून टीका झाली, तेव्हा त्यात किरकोळ कपात केली. शेवटी जिओचा ८४ दिवसांचा बिनडेटाचा पॅक ४४८ रुपयांवर आणि एअरटेलचा ४६९ रुपयांवर स्थिरावला. आता जुलै २०२४ चे दरपत्रक पुन्हा उघडा. त्यात जिओचा ८४ दिवसांचा आणि सहा जीबी डेटासह असलेला प्लॅन ४७९ रुपयांचा होता, आणि एअरटेलचा तसाच प्लॅन ५०९ रुपयांचा होता. म्हणजे सहा जीबी डेटा काढून घेतला तर ग्राहकाचे वाचले ३१ रुपये, एअरटेलमध्ये ४० रुपये. आणि तोच सहा जीबी डेटा स्वतंत्र विकत घ्यायला गेलो तर ६९ रुपये.

ज्या वस्तूची किंमत परत करताना ३१ रुपये आणि विकताना ६९ रुपये, तिची खरी किंमत कोणती? यावरून एकच गोष्ट सिद्ध होते. आपण जे पैसे मोजतो, त्यातला मोठा भाग डेटाचा नसून नंबर चालू ठेवण्याचा आहे. ते एक प्रकारचे भाडे आहे. आणि सरकारी योजनांचे दार त्याच नंबरने उघडत असल्यामुळे हे भाडे टाळण्याची सोय गरिबाला राहिलेली नाही.

एका घराचा हिशोब

आता हे सगळे एका घरात आणून पाहू. वडील बटणाचा फोन वापरतात, आई स्मार्टफोन वापरते पण मुख्यतः व्हॉट्सॲपपुरता, मुलगा वसतिगृहात राहून शिकतो. दुकानदाराने तिघांनाही २९९ चाच रिचार्ज मारून दिला, कारण तोच ‘चालतो’. वर्षाचे तेरा रिचार्ज, तीन फोन, एकूण ११,६६१ रुपये. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील माणशी सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये होता. चार जणांच्या घराचा झाला १६,४८८. त्यातील महिन्याला सुमारे ९७२ रुपये, म्हणजे जवळपास सहा टक्के खर्च फक्त रिचार्जचा. ही सरासरी घराची गोष्ट झाली. ज्यांचे उत्पन्न सरासरीच्या खाली आहे, त्यांच्या घरात हा वाटा आणखी मोठा असणार हे सांगायला नको.

याच घराने वापर पाहून प्लॅन निवडले असते तर? वडिलांना ४४८ चा बिनडेटाचा पॅक, वर्षाला सुमारे १,९४७ रुपये. आईला ४७९ चा सहा जीबीचा पॅक, वर्षाला सुमारे २,०८१ रुपये. मुलाला रोज दोन जीबीचा ८५९ रुपयांचा ८४ दिवसांचा प्लॅन, वर्षाला सुमारे ३,७३३ रुपये. एकूण ७,७६१. मुलाला पूर्वीपेक्षा जास्त डेटा मिळाला आणि तरीही घराचे ३,९०० रुपये वाचले. एवढ्यात मुलाची वर्षाची पुस्तके येतात. हे आकडे जुलै २०२४ आणि जानेवारी २०२५ च्या दरपत्रकांतील आहेत. रिचार्ज मारताना त्या दिवसाचे दर पाहूनच हिशोब करावा. ट्रायच्या संकेतस्थळावर २०१८ पासून सर्व कंपन्यांचे दर एकत्र पाहण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. छोटे प्लॅन ॲपमध्ये अगदी खाली असतात, तिथपर्यंत जाण्याचा कंटाळा करू नये.

परंतु इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ८४ दिवसांचे प्लॅन घ्यायचे तर एका वेळी ४४८, ४७९, ८५९ असे पैसे हातात असावे लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्याकडे ते नसतात, म्हणूनच तो महाग पॅक मारतो. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. इथे बचत गटांनी पुढे यावे. गटातून एकरकमी रिचार्ज मारून द्यावा आणि सदस्याने आठवड्याला पैसे परत करावेत. महिला मंडळांनी एवढे केले तरी शेकडो घरांचे हजारो रुपये वाचतील.

जबाबदारी कोणाची

वैयक्तिक काटकसर ही एक बाजू झाली. तेवढ्यावर थांबलो तर आपण मूळ प्रश्न सोडून दिला असे होईल. मोबाईलचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. ट्राय दर ठरवत नाही. कंपनीने दर लागू केल्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचे, एवढेच बंधन आहे. बाजारात दहा-बारा कंपन्या होत्या तेव्हा ही व्यवस्था ग्राहकाच्या हिताची होती. आज खाजगी कंपन्या तीन उरल्या आहेत आणि त्यांचे दर एकाच आठवड्यात वाढतात. एअरटेलचे प्रति ग्राहक सरासरी मासिक उत्पन्न एप्रिल ते जून २०२४ च्या तिमाहीत २११ रुपये होते, ते जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये २५६ रुपये झाले. ते ३०० वर गेले पाहिजे, असे कंपनीने उघडपणे सांगितलेले आहे. हे वाढीव पैसे कोणाच्या खिशातून येतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सरकारही यात नामानिराळे नाही. प्रत्येक रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. २९९ च्या रिचार्जमध्ये ४५ रुपये ६० पैसे कर आहे. आपण पाहिलेल्या घराने ११,६६१ रुपयांत सुमारे १,७७९ रुपये कर भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलित यंत्रे आणि मोठे टीव्ही यांच्यावरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मजुराच्या रिचार्जवरील कर मात्र १८ होता तो १८ च राहिला. म्हणजे कराच्या दृष्टीने एसी आणि आजीचा बटणाचा फोन आता एकाच पंगतीला बसले.

शिवाय कंपन्या जे परवाना शुल्क भरतात, त्यातील एक भाग गरीब आणि दुर्गम भागापर्यंत दूरसंचार पोहोचविण्याच्या निधीत जातो. या निधीचे नाव २०२३ च्या दूरसंचार कायद्याने डिजिटल भारत निधी असे झाले. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायनेच शिफारस केली होती की या निधीतून ग्रामीण ग्राहकाला दरमहा १०० एमबी डेटा मोफत द्यावा. ती शिफारस कागदावरच राहिली. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातसुद्धा १९८५ पासून ‘लाईफलाईन’ नावाची योजना आहे आणि तिच्यातून गरीब कुटुंबाच्या फोन किंवा इंटरनेटच्या बिलात दरमहा ९.२५ डॉलरपर्यंत सवलत मिळते. आपल्याकडे मात्र कल्याणकारी राज्याचे नाव घ्यायचे आणि गरिबाला बाजारात एकटे सोडायचे, असा प्रकार आहे.

सरकारच्या हातात बीएसएनएल होती. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढविले, बीएसएनएलने वाढविले नाहीत. त्या एका महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख ग्राहक मिळाले आणि तिन्ही खाजगी कंपन्यांचे ग्राहक घटले. लोकांनी पायांनी मतदान केले. परंतु तिथे पोहोचल्यावर नेटवर्क कुठे होते? एअरटेलने ४जी सेवा २०१२ मध्ये सुरू केली आणि बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तेरा वर्षे सार्वजनिक कंपनीला मागे ठेवले आणि मग ती चालत नाही म्हणून तिलाच दोष दिला. आलेले ग्राहक काही महिन्यांतच परत फिरू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली होती. ज्या सेवेवाचून माणसाचे चालत नाही, ती काही भांडवलदारांच्या नफ्यावर सोडली तर काय होते, याचे उत्तर आज प्रत्येकाला दर २८ दिवसांनी मिळते आहे.

न्यायालयांनी मात्र दिशा दाखविली आहे. २०१९ मध्ये वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात येतो, असे म्हटले. हक्क आहे असे न्यायालय म्हणते, मग त्या हक्काचे भाडे दर २८ दिवसांनी का भरायचे?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली, रोजचा न वापरलेला डेटा प्लॅनची मुदत संपेपर्यंत ग्राहकाचाच राहावा. व्होडाफोन आयडियाने आठवड्यातील उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देण्याची सोय काही प्लॅनमध्ये दिली आहे, म्हणजे यात तांत्रिक अडचण नाही. दुसरी, महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, हाच सर्व प्लॅनचा आधार असावा. तिसरी, ॲड-ऑन पॅकची मुदत मूळ प्लॅनइतकीच असावी. चौथी, इनकमिंग, एसएमएस आणि ओटीपी चालू राहण्यापुरता अल्प दराचा सामाजिक पॅक असावा, त्यावर जीएसटी नसावा आणि त्याचा भार डिजिटल भारत निधीने उचलावा. पाचवी, समाजकल्याणच्या सर्व वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत चालणारे वायफाय असावे, आणि शिष्यवृत्तीत पुस्तकांप्रमाणे डेटाचाही खर्च धरावा.

या मागण्या ट्रायच्या सल्लामसलतीत लेखी मांडता येतात. ट्राय नियम करण्यापूर्वी नागरिकांच्या सूचना मागविते, आणि तिथे कंपन्यांचे वकील न चुकता हजर असतात. आपल्या संघटना तिथे असल्या पाहिजेत. कंपनीने चुकीचे पैसे कापले तर ग्राहक आयोगात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. आपल्या वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी एका रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात बसून घराघराचे फोन आणि रिचार्ज यांची यादी करावी, कोणाला कोणता पॅक लागतो ते सांगावे आणि त्याच यादीच्या आधारे निवेदन तयार करावे. हिशोब कळलेला माणूसच प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या वस्तीला फसविणे कोणत्याही कंपनीला आणि कोणत्याही सरकारला सोपे जात नाही.